लिव्हर-अ‍ॅक्शन रायफली: तुमची लाडकी कोणती, आणि ती चालते कशी? (अनुभव धागा)

सस्क्वेहाना

शेजारच्या आजोबांचं घर रिकामं करायचं काम सध्या चालू आहे. आजोबा मार्चमध्ये गेले. मुलगी फिलाडेल्फियाहून शनिवार-रविवार येते आणि एकेक खोली आवरते. बंदुकांतलं तिला काही कळत नाही, म्हणून तळघरातलं कपाट उघडायला तिने मला हाक मारली. कुलूप काढलं आणि समोर विंचेस्टर ९४. काडतूस .३०-३०, २० इंची नळी. रिसीव्हरच्या (यंत्रणा असलेल्या मधल्या पोलादी भागाच्या) खाली, जिथे एका हाताने धरून चालतात, तिथला निळा मुलामा पार उडून आतलं पोलाद दिसायला लागलंय. बाकी सगळी बंदूक लख्ख, तेल दिलेली.

मी लिव्हर-अ‍ॅक्शन (चापाभोवतीची कडी, म्हणजे लिव्हर, पुढे ढकलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस नळीत) चालवायला शिकलो ते याच बंदुकीवर. पेन्सिल्वेनियात आलो तेव्हा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी शाळांना सुट्टी का, तर हरणांचा रायफल सीझन सुरू होतो म्हणून, हे ऐकून थक्क झालो होतो. (२०१९ पासून सीझन शनिवारी सुरू होतो, सोमवारची सुट्टी मात्र बऱ्याच शाळांनी सोडलेली नाही.) आजोबांनी मला शेताच्या कडेला, मातीच्या उंच बांधासमोर उभं केलं. चाप दाबतोय तर दबेचना. त्यांनी काही न बोलता माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि लिव्हर घट्ट आवळली. ९४ मध्ये मागे एक बारीक पिन असते, लिव्हर मुठीत पूर्ण मिटून ती दाबली गेल्याशिवाय चाप हलत नाही. दुसरा धडा असा की बार झाला तरी बंदूक खांद्यावरून उतरवायची नाही. गाल दस्त्याला तसाच, आणि लिव्हर पूर्ण पुढे, पूर्ण मागे, जोरात. बिचकत अर्धवट फिरवली की पुंगळी अडकलीच.

९४ची खरी मजा ती घेऊन चालण्यात आहे. सपाट, अरुंद, वजन तीन किलोच्या आसपास, आणि तोल नेमका मुठीत. जॉन ब्राउनिंगची रचना. १८९४ ला आली तेव्हा .३२-४० आणि .३८-५५ या काडतुसांत होती, पुढच्या वर्षी बिनधुराच्या दारूचं .३०-३० आलं आणि पुढे तीच तिची ओळख झाली. ७० लाखांच्या वर बनल्या. १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण २,२०० फुटांनी निघते. १०० यार्डांवर दोन इंच वर लावून ठेवा, १५० च्या आसपास बरोबर मधोमध लागते, २०० ला चार-पाच इंच खाली. आमच्या जंगलात १०० यार्ड मोकळं दिसलं तरी चैन, त्यामुळे भरपूर झालं. धक्का कागदावर किरकोळ वाटतो, पण बंदूक हलकी आणि दस्त्याला मागे लोखंडी पट्टी. टी-शर्टवर, टेबलाला टेकून मारत बसलात तर खांदा लाल होतो. जाड कोट घालून उभ्याने मारताना कळतसुद्धा नाही.

माझी स्वतःची मार्लिन ३३६ आहे. १९४८ पासूनचं मॉडेल. वरून बंद, पुंगळी बाजूने टाकते, त्यामुळे दुर्बीण थेट वर बसते. जुन्या ९४ची पुंगळी सरळ वर उडते, तिथे दुर्बिणीचं लचांड होतं. टेबलावरून मारली तर ३३६ माझ्या हातात सरस ठरते, चालताना मात्र जाड वाटते.

आजोबांची ९४ आता मुलीने मलाच ठेवून घ्यायला सांगितली आहे. या सीझनला तीच नेणार.

तुमच्याही लिहा. विंचेस्टर, मार्लिन, सॅव्हेज, हेन्री, जपानी, इटालियन, ब्राझिलियन, काहीही. चाप कसा, धक्का कसा, साइट कोणती, कुठे हट्ट करते आणि कुठे मन जिंकते. नुसती हातात धरून पाहिली असेल तरी लिहा.

ओहायोकर

आमच्याकडे हरणाला .३०-३० चालतच नाही हो! ओहायोत सरळ पुंगळीचीच काडतुसं, .३०-३० सारखी तोंडाशी निमुळती नाहीत. २०१४ च्या आधी तर रायफललाच परवानगी नव्हती, शॉटगन नाहीतर ठासणीची. नियम बदलला आणि .४५-७०, .४४४, .४४ मॅग्नम, .३५७ मॅग्नमवाल्यांची चंगळ झाली. इकडे लिव्हरच्या बंदुकांना पुन्हा दिवस आले ते त्यामुळेच.

माझी मार्लिन १८९४, .४४ मॅग्नम. २४० ग्रेनची गोळी. १०० यार्डांच्या आत काम फत्ते, त्यापुढे मी मारत नाही. इतकी चपळ बंदूक दुसरी नाही, झाडावरच्या मचाणात वळायला जागा नसते तिथे तर सोनंच.

आजोबांना नमस्कार सांगा म्हणणार होतो... वाईट वाटलं.

मुक्तछंद

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). भाजी फोडणीला टाकलीय, रात्री सविस्तर लिहिते. सॅव्हेज ९९. कोणी माझ्या आधी लिहू नका!

तिरकी_टोपी

सगळे शिकारीवर लिहिणार, म्हणून मी काउबॉय शूटिंगवर लिहितो. टेक्सासात याचं प्रचंड वेड आहे. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी ही १९८७ ची संघटना. दोन रिव्हॉल्व्हर, पिस्तुलाच्या काडतुसाची एक लिव्हर रायफल, एक शॉटगन, जुन्या काळचा पोशाख, आणि प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचंच. लोखंडी पाट्या जवळ असतात, सगळी झुंज घड्याळाशी.

आणि तिथे विंचेस्टर १८७३ ला तोड नाही. काडतूस पितळी ठोकळ्यात बसतं, ठोकळा लिफ्टसारखा सरळ वर येतो आणि बोल्ट सरळ पुढे ढकलतो. वाटेत काडतूस कुठे तिरकं होतच नाही. लिव्हर फिरवताना हाताला विरोध असा जाणवत नाही, घड्याळाची टिकटिक ऐकू यावी इतक्या अंतराने पुंगळ्या वर उडत राहतात. माझी इटलीतल्या उबेर्तीची, .३५७ ची, पण स्पर्धेत .३८ स्पेशलच्या हलक्या गोळ्या घालतो. धक्का जवळपास नाहीच. आमची लेक शाळेत आहे, तीही आरामात मारते.

एक लक्षात ठेवा, काडतुसाची लांबी काटेकोर लागते. लांबी चुकली तर मागचं काडतूस ठोकळ्यात डोकावतं आणि मग ना लिव्हर पुढे ना मागे. आणि आतला टॉगलचा सांधा ताकदीला कमी. जोरदार काडतुसं हवीत तर १८९२ घ्या. ब्राउनिंगने १८८६ च्या मोठ्या रायफलीला दोन उभे लॉकिंग बार दिले होते, तेच लहान करून ९२ मध्ये बसवले. ब्राझीलची रॉसी ९२ खिशाला परवडते आणि .३५७ च्या पूर्ण जोरालाही कुरकुर करत नाही. नुसत्या वेगात ती ७३ ला गाठू शकत नाही, एवढंच.

मूळ १८७३ आली .४४-४० मध्ये. पुढे कोल्टनेही रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसात आणलं. कमरेला एकच पट्टा, त्यातून दोन्ही हत्यारं भरायची. ही सोय त्या काळी केवढी मोठी असेल!

कोल्हापुरी_तडका

लिव्हरवाली बघितली नाही कधी. आमचं सगळं एनसीसीच्या .२२ वर. चटईवर पालथं पडायचं, हवालदार साहेब पाठीमागनं ओरडणार "श्वास रोखून चाप दाब रे". खांद्याला काही लागलं नाही पण कोपरं सोलली होती.

पण बंदुकीचा धागा आणि कोल्हापूर नाही असं कसं चालंल? स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं तेव्हा आख्खी कांबळवाडी रस्त्यावर होती. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला विश्वविजेती झाली तीपण आमचीच.

तिरकी_टोपी

@कोल्हापुरी_तडका, त्यांचं काम फार वरच्या पातळीचं. त्या रायफलींचा चाप ग्रॅममध्ये मोजतात, आमच्या लिव्हरवाल्यांचा किलोमध्ये. तुमच्या गल्लीतलं कोणी इकडे आलं तर ७३ हातात देईन. मला बघायचंय.

घाटमाथा

लोडिंग गेटबद्दल (बाजूचं झाकण, जिथून काडतूस आत ढकलतात) कोणी बोललं नाही अजून? नवी घेतलेली माझी (कोणाची ते लिहीत नाही), गेटची कड इतकी धारदार की रेंजवरून आलो की अंगठ्याची साल निघालेली. बारीक पॉलिश कागद घेऊन बसलो आणि कड मोडली. आता ठीक. एक युक्ती: काडतूस पूर्ण आत ढकलायचं नाही, बूड थोडं बाहेर ठेवायचं आणि पुढच्या काडतुसाने त्याला रेटायचं. अंगठा आत जातच नाही. शेवटचं तेवढं ढकलावं लागतं.

ओहायोकर

युक्तीला +१. मीही तसंच भरतो.

एडिसनची_वहिनी

आमच्या न्यू जर्सीत हरणाला रायफल नाहीच, आणि साधी .२२ घ्यायची तरी आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढा, बोटांचे ठसे द्या. आमचे हे पोकोनोजला मित्राच्या जागेवर हेन्रीची .२२ चालवून आले, तेव्हापासून घरात लिव्हरचा आवाज तोंडाने काढून दाखवणं चालू आहे. खुळं झालंय घर.

माझा प्रश्न वेगळाच. त्याच मित्राने हरणाचं मटण पाठवलंय, फ्रीजर भरलाय. याला चरबीच नाही. करायचं कसं?

सस्क्वेहाना

@वहिनी, मागच्या पायाचं असेल तर मध्यम तुकडे करा. दही, आलं-लसूण, हळद, मीठ, थोडी कच्ची पपई लावून रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी कांदा-सुक्या खोबऱ्याचं वाटण, आणि सोबत बोकडाचे चरबीवाले थोडे तुकडे नक्की घाला, त्याने रस्सा धरतो. कुकरपेक्षा जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर. पाठीचा पट्टा मिळाला असेल तर त्याला मसाल्यात घालू नका. मीठ-मिरी, कडकडीत लोखंडी तवा, दोन्ही बाजूंनी पटकन, आत गुलाबी राहिला पाहिजे.

खारेदाणे

पाठीच्या पट्ट्याला हजार वेळा अनुमोदन. आणि उरलेल्याचा खिमा. मटार घालून, वर लिंबू. धागा कुठला आणि मी वाचतोय काय!

रानवारा

तांत्रिक माहिती आवडीने वाचतेय, आमच्या घरात सगळ्यांना जुन्या यंत्रांची आवड. शिकारीचा भाग मात्र मला वाचवत नाही. कोणाला दुखवायचं नाही, पण मनात आलं ते लिहिलं.

सस्क्वेहाना

@रानवारा, लिहिलंत ते बरं केलंत. इथे लांडगा उरला नाही, हरणं भरमसाट वाढतात, जंगलातली रोपटी खाऊन फस्त करतात, गाड्यांखाली येतात. सीझन, परवाने, कोणत्या भागात किती माद्या, सगळं राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आहे, त्याखाली रायफल आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ती योग्यच झाली, तिथलं गणित वेगळं आहे. तुम्ही यंत्रांबद्दल विचारत राहा.

रानवारा

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. वाचत राहीन.

केनाईकाठी

अलास्कातून हजेरी. .४५-७० वर कोणीच कसं नाही?

मार्लिन १८९५, स्टेनलेस, आखूड नळी, मोठी कडी. २०२० मध्ये मार्लिन रूगरकडे गेली आणि त्यांनी सगळ्यात आधी बाजारात आणली ती हीच, २०२१ च्या शेवटी. माझी त्यातलीच. केनाई नदीवर सॅल्मन मासे धरायला जाताना पाठीवर. अस्वलासाठी पहिला उपाय तिखटाचा फवारा, हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. रायफल त्याच्या नंतरची.

काडतूस १८७३ चं, अमेरिकी लष्कराचं. काळी दारू आणि ४०५ ग्रेनची शिशाची गोळी. त्या जुन्या जोराच्या गोळ्या घातल्या तर धक्का लांबलचक येतो, कोणीतरी खांद्याला धरून मागे सारावं तसा. दिवसभर मारत बसावं. अस्वलाच्या गोळ्या घातल्या की तीच बंदूक ओळखू येत नाही. नळीचं तोंड वर उसळतं, चष्मा नाकावर खाली येतो, आणि एक पेटी संपवायची इच्छा कोणालाच होत नाही. सराव मी हलक्या गोळ्यांवर करतो, शेवटी दोन-चार जोरदार, गोळी कुठे पडते ते बघायला. दोन्हींचा नेम वेगळा पडतो, शंभर यार्डांवर चांगलाच.

महत्त्वाचं: हल्लीच्या जोरदार .४५-७० गोळ्या जुन्या लष्करी ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलीतही बसतात. बसतात म्हणून घालू नका. ती बंदूक फुटेल. कोणाच्या आजोबांची भिंतीवर लटकलेली असेल तर आधी पेटीवर काय लिहिलंय ते वाचा.

नवा_भिडू

मी एच-१बी (नोकरीच्या तात्पुरत्या) व्हिसावर आहे. घेता येते का मला? मित्र म्हणतो अजिबात नाही, दुकानदार म्हणतो येते.

ओहायोकर

@नवा_भिडू, दोघंही अर्धं अर्धं बरोबर. केंद्रीय कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणून लोक आधी शिकारीचा सुरक्षा कोर्स करतात, परवाना काढतात, मग दुकानात जातात. परवान्याची मुदत संपू द्यायची नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. वर राज्याचे नियम वेगळे, ते तपासाच. आणि मोठी खरेदी करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एक फोन, इतका पैसा वसूल होतो.

नवा_भिडू

खूप खूप आभार. कोर्सला नाव घालतोच.

मुक्तछंद

जेवणं झाली, मुलं झोपली. आता लिहिते.

मोंटानात, बिटररूट खोऱ्यात राहतो. सासरे इथलेच. त्यांची सॅव्हेज ९९, .३०० सॅव्हेज, आता माझ्याकडे आहे, कारण नवऱ्याला बंदुकीत रस नाही आणि मला आहे.

इथे आत्तापर्यंत सगळ्या नळीखाली मॅगझिनवाल्या आल्या. त्यांत काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या कॅपला (बुडातली टोपी, जिच्यावर घाव बसला की बार होतो) टेकलेलं. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने मॅगझिनमध्येच बार होण्याची भीती. म्हणून त्या गोळ्या चपट्या तोंडाच्या आणि म्हणून त्या लवकर दमतात. (हल्ली हॉर्नडीच्या मऊ रबरी टोकाच्या मिळतात, त्या चालतात.) आर्थर सॅव्हेजने हे १८९० च्या दशकातच सोडवलं होतं. माणूस जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला, कारखाना न्यू यॉर्क राज्यातल्या युटिकाला. रिसीव्हरच्या पोटात फिरतं चक्र, प्रत्येक काडतूस आपापल्या खोबणीत. टोकदार गोळी बिनधास्त घाला. डाव्या बाजूला एक चिमुकली खिडकी आहे आणि तिच्यात आकडा दिसतो, किती उरल्या तो. आमच्या मुलाला लहानपणी त्या खिडकीचं कोण कौतुक! सासरे रिकामी बंदूक गुडघ्यावर घेऊन नकली गोळ्या भरायचे आणि तो आकडे मोठ्याने वाचायचा.

चालवायला कशी? घोडा (हॅमर) बाहेर नाही, त्यामुळे कोटात, दोरीत, फांदीत काही अडकत नाही. वजन मधोमध, आणि गोळ्या संपत आल्या तरी तोल तसाच राहतो. नळीवाल्यांत पुढचं वजन कमी होत जातं, ते तिसऱ्या-चौथ्या बाराला हाताला कळतं. १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २,६०० फुटांच्या आसपास. इकडे मोकळे डोंगर, दरीच्या पलीकडच्या उतारावर म्यूल डिअर दिसतं, तिथे .३०-३० वाल्याने नुसतं बघत राहायचं. चाप लांब आहे. ओढताना मध्ये एक टप्पा लागतो, तिथे थांबायचं, माशी (नळीच्या टोकाची साइट) स्थिर करायची आणि मग उरलेलं ओढायचं. मला तो टप्पा आवडतो. सेफ्टी जुन्या पद्धतीची, लिव्हरला लागून. पुढे ती वर अंगठ्याखाली आली, जाड हातमोज्यांत ती जास्त सोयीची.

७.६२ नाटो काडतूस घडवताना लष्कराने सुरुवात याच .३०० सॅव्हेजच्या पुंगळीपासून केली होती. आणि ९९ मात्र १९९० च्या दशकाच्या शेवटी बंद पडली. इतकं घडण्याचं काम आता कोणाला परवडत नाही म्हणतात. मला अजूनही वाटतं की कोणीतरी ती परत बनवावी.

सासरे आता गाडीत बसून असतात. हात थरथरतात. मी उतारावरून परत आले की पहिला प्रश्न, "आकडा किती?"

सस्क्वेहाना

मुक्तछंद, वाट बघत होतो ते सार्थकी लागलं. तोल बदलण्याचा मुद्दा मी इतकी वर्षं हाताने अनुभवतोय, शब्दांत तुम्ही पकडलात. सासऱ्यांना इकडून नमस्कार.

जुनं_लोखंड

टोकदार गोळीचं उत्तर विंचेस्टरनेही दिलं होतं, १८९५ मध्ये. पुन्हा ब्राउनिंगच. नळी काढून टाकली आणि चापाच्या पुढे पेटी मॅगझिन बसवलं. थिओडोर रूझवेल्ट १९०९ ला आफ्रिकेत घेऊन गेला ती हीच, .४०५ मध्ये. ३०० ग्रेनची गोळी, २,२०० फूट. मी एका संग्राहकाची मारून पाहिली आहे. बंदूक पोटाला फुगीर, एका हातात धरून चालता येत नाही कारण ती पेटी नेमकी मुठीत येते. चंद्रकोरीच्या आकाराचा दस्ता असेल तर दंडावर टेकवायचा, खांद्याच्या खोबणीत नाही, नाहीतर दोन्ही टोकं बोचतात. धक्का? त्या संध्याकाळी कपबशी डाव्या हाताने उचलली.

पहिल्या महायुद्धात रशियाने याच मॉडेलच्या सुमारे तीन लाख रायफली घेतल्या, त्यांच्या ७.६२ गुणिले ५४ काडतुसात, क्लिपने भरायची सोय करून. त्याच्या आधी १८७७ ला प्लेव्हनाला तुर्कांनी रशियनांवर विंचेस्टर १८६६ चालवल्या होत्या. मार खाल्लेलं सैन्य पुढे त्याच कंपनीचं गिऱ्हाईक झालं.

सॅव्हेज गेली याचं दुःख आहेच, पण ब्राउनिंग बीएलआर विसरू नका. दाते आणि दातेरी चक्राने बोल्ट चालतो, सुटं मॅगझिन, टोकदार गोळ्या चालतात. लिव्हरसोबत चापही खाली जातो, त्यामुळे बोट चिमटत नाही.

पायवाट

यलोस्टोनला जाणाऱ्यांनो, पूर्वेच्या दाराने बाहेर पडा आणि वायोमिंगमधल्या कोडी गावी एक दिवस काढा. तिथल्या बफेलो बिल सेंटरमध्ये बंदुकांचं संग्रहालय आहे, विंचेस्टरचा मूळ संग्रह तिथेच. मला वाटलं होतं बायको कंटाळेल, ती माझ्या आधी दुसऱ्या दालनात. हेन्री १८६० जवळून बघितली: पुढे लाकूडच नाही, नळी उघडी. सोळा बार काढले की धरायचं कुठे? १८६६ ला बाजूचं गेट आणि पुढचं लाकूड का आलं ते बघताक्षणी समजतं.

आणि ती २०१४ ची गोष्ट माहीत आहे ना? नेवाडात ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली १८७३ सापडली. लाकूड पांढरं पडलेलं, दस्त्याचं टोक मातीत. क्रमांकावरून कळलं की १८८२ ला बनली. कोडीलाच तपासायला आणली, तेव्हा दस्त्याच्या पोकळीत एक .४४-४० काडतूस मिळालं. कोणी ठेवली, का परत आला नाही, पत्ता नाही.

रानवारा

बाप रे. अंगावर काटा आला हे वाचून.

सांताक्लारा_काका

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सॅन होजेचं विंचेस्टर घर दाखवावं लागतं. भिंतीत उघडणारी दारं, छताला भिडणारे जिने. भुतांच्या गोष्टी गाइड रंगवून सांगतात, पण सारा विंचेस्टरवर अभ्यास केलेले लोक त्यातलं फारसं खरं मानत नाहीत. हुशार बाई होती.

मुद्द्याचं: कॅलिफोर्नियात २०१९ च्या जुलैपासून शिकारीला शिशाची गोळी बंद. .३०-३० ला तांब्याच्या गोळ्या मिळतात, महाग आहेत. माझ्या ३३६ ला त्या मानवल्या, पण नेम पुन्हा लावावा लागला. गोळी बदललीत तर सीझनआधी रेंजवर जाऊन या.

अवांतर: पीप साइट कोणी वापरतं का? साठीनंतर मागची खाच धूसर दिसते.

सस्क्वेहाना

काका, डोळे बंद करून बसवा. मागचं भोक दिसतच नाही, आपण त्यातून बघतो आणि नजर आपोआप माशीवर जाते. जंगलात थोडं मोठं भोक ठेवा, पहाटेच्या अंधुक उजेडात बारीक भोकातून काही दिसत नाही.

पाखाडी

कोकणात आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची. काकांची. दारू, चिंधी, छर्रे, गज घालून ठासायचं, एक बार आणि मग वानर दुसऱ्या कलमावर जाऊन बसलेलं. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि नेमकी तेव्हाच डुकरं भातात. एकामागून एक बार काढणारी बंदूक काकांना व्हिडिओत दाखवली तर म्हणाले, "हिला दारू किती लागत असेल रे!"

खारेदाणे

काकांना साष्टांग.

एडिसनची_वहिनी

यांचा वाढदिवस येतोय. ओळखपत्र आलंय एकदाचं. पहिली म्हणून .२२ घ्यावी असं ठरतंय. हेन्री की जुनी मार्लिन ३९ए? धक्का, आवाज, साफसफाई, सगळं सांगा. घरात मूल आहे.

घाटमाथा

वहिनी, पहिल्यांदा तिजोरी. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या.

हेन्रीची .२२ हलकी, लिव्हर लोण्यासारखी, आणि नवी मिळते. भरायची समोरून: मॅगझिनची आतली पितळी नळी ओढून बाहेर काढायची, खाचेतून गोळ्या सोडायच्या, नळी परत लावायची. भरताना हात नळीच्या तोंडासमोर येऊ द्यायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून. मार्लिन ३९ए जड, सगळी घडीव पोलादाची, तिचा मूळ वंश १८९१ च्या मॉडेलपर्यंत जातो, जी अ‍ॅनी ओकली वापरायची. उजवीकडचा स्क्रू नाण्याने सोडवला की बंदूक दोन भागांत सुटते, नळी मागून साफ करता येते. .२२ ला हे फार मोठं सुख. जुनी चांगली मिळाली तर डोळे झाकून घ्या, पण किंमती चढल्यात. धक्का दोन्हींना नाही. रिकाम्या बंदुकीचा चाप उगाच ओढत बसू देऊ नका, रिमफायरला (.२२ सारखी, जिच्यात काडतुसाच्या कडेवर घाव बसतो) ते बरं नाही.

तिरकी_टोपी

हेन्री. आणि पैसे उरतील त्याची काडतुसं. त्यांना म्हणावं आवाज तोंडाने काढू नका आता.

एडिसनची_वहिनी

ठरलं, हेन्री. शनिवारी दुकानात जातेय, यांना सांगितलेलं नाही. आणि सस्क्वेहानाभाऊ, पपई किती घालायची ते लिहिलंच नाहीत!

सस्क्वेहाना

अर्ध्या किलोला एक चमचा, किसून. जास्त झाली तर पीठ होतं. सालासकट किसा.